चौथ्या दिवसाचं काय करायचं?

मॉरिशसच्या अर्ध्या रुपयाच्या नाण्यावर एक हरीण आहे. त्यांच्या राजचिन्हावरही आहे. ढालीच्या एका बाजूला डोडो, दुसऱ्या बाजूला सांबर, आणि दोघांनी एकेक ऊस धरलेला. त्यातला डोडो त्या बेटाचा अस्सल रहिवासी. हरीण मात्र पाहुणं. १६३९ मध्ये डच लोकांनी बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, जावाची हरणं जहाजात घालून आणली आणि बेटावर सोडली. पुढच्या काही दशकांत डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला. हरणं आहेत, भरपूर आहेत, आणि दर वर्षी जून ते सप्टेंबर त्यांची कायदेशीर शिकार चालते. परदेशी पाहुण्यांनाही ती करता येते.

हे सगळं मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आमच्या लग्नाला यंदा दहा वर्षं होतात. मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून आठ दिवस दोघांनीच कुठेतरी बेटावर जायचं, एवढंच ठरलं होतं. आदिलाबादच्या माणसाला समुद्राचं वेड असतं. आमच्या जिल्ह्यात पैनगंगा आहे, कडम आहे, कुंटाळ्याचा धबधबा आहे, पण क्षितिजापर्यंत पाणी म्हटलं की कॅलेंडरवरचं चित्रच. सहलीच्या नियोजनाची वही माझ्याकडे असते. एकदा वही उघडली तर चौथ्या दिवसापुढे नवऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं: ‘शिकार’. पुढे प्रश्नचिन्हही नव्हतं. ते मी पेनने घातलं.

आधी बेट कोणतं ते सांगते. पहिलं नाव अंदमानचं निघालं. पासपोर्ट नको, सेल्युलर जेल बघून होतं, नील आणि हॅवलॉकचे किनारे सुंदर आहेत. गंमत म्हणजे तिथेही हरणांची हीच कथा आहे. इंग्रजांनी अंदमानात चितळ नेऊन सोडले. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही, त्यामुळे ते वाढत गेले, आणि जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात म्हणून अभ्यासक काळजीत आहेत. पण चितळ आपल्या कायद्याने संरक्षित प्राणी, त्यामुळे त्यांना हात लावायचा नाही. पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटावर, ज्याचं नाव २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे, पर्यटक त्यांच्यासोबत फोटो काढतात.

मॉरिशस पुढे गेलं ते दोन कारणांनी. एक, भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास पोचवतं. दुसरं कारण माझं होतं. तिथे मराठी माणसं आहेत. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. बिहारी, तमिळ, तेलुगू नेले, तसेच मुंबई बंदरातून रत्नागिरी-सावंतवाडीकडचे लोकही नेले. पोर्ट लुईला ते उतरायचे त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आज त्यांची पाचवी-सहावी पिढी घरात क्रिओल बोलते, पण गणपती बसवते, आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून अजून नाचतात. शाळांत मराठी शिकवतात, मोक्याच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये तर वरच्या वर्गांपर्यंत. (मोका हे गावाचं नाव आहे.)

मला त्या लोकांबद्दल एक विचित्र आपुलकी वाटते. १९५६ मध्ये भाषेवरून राज्यं झाली तेव्हा किनवट, इस्लापूर, राजुरा हा आदिलाबादचा भाग मुंबई राज्यात गेला. आमचे बेला, जैनद, तामसी, तिकडे मुधोळ, भैंसा इकडेच राहिले. ते जहाजात बसून परप्रांतीय झाले, आम्ही ओसरीवर बसल्या बसल्या. तेव्हा त्यांची मराठी कशी ऐकू येते हे मला एकदा ऐकायचंय. आमची तर मध्येच तेलुगूत शिरते आणि हिंदीतून बाहेर येते.

तारखा बसवताना खरी परीक्षा होती. तिथला शिकारीचा हंगाम जून ते सप्टेंबर, कारण तो त्यांचा हिवाळा. आता हेच चार महिने आमच्या घरात कसे जातात बघा. नवऱ्याचं कृषी सेवा केंद्र आहे. मृग लागला की कापसाचं बियाणं, मग खत, जुलै अखेरपर्यंत माणूस जेवायलाही धड घरी येत नाही. यंदा ज्येष्ठ अधिक, म्हणजे मेच्या मध्यापासून १५ जूनपर्यंत धोंड्याचा महिना. माझ्या आईने जावयाला अनारसे करून ठेवलेत, पण जावयाला ते खायला माहेरी जायलाच फुरसत नाही. त्यामुळे श्रावण यंदा उशिरा, १३ ऑगस्टला सुरू होऊन ११ सप्टेंबरला संपतो. १४ सप्टेंबरला गणपती, २५ ला अनंत चतुर्दशी, २७ पासून पितृपक्ष. कालनिर्णय पुढे घेऊन बसले तेव्हा शिकारीच्या चार महिन्यांत मराठी घराला मोकळा असलेला तुकडा सापडला तो फक्त ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला. गटारीच्या आधी परत. फवारणीच्या औषधांची विक्री तेव्हा जोरात असते, पण धाकटे दीर म्हणाले, आठ दिवस मी सांभाळतो.

म्हणजे तारखांच्या आडून सुटका नव्हती. चौथ्या दिवसावर बोलावंच लागणार होतं.

तिथली शिकार कशी असते ते आधी समजून घेतलं. नवऱ्याने दाखवलं, मीही वाचलं. मोठमोठ्या खाजगी मालमत्ता आहेत, बहुतेक जुन्या फ्रेंच वंशाच्या साखर कारखानदार घराण्यांच्या, आणि काही सरकारी जमिनी भाडेपट्ट्याने दिलेल्या. त्यांवर हरणं पाळल्यासारखीच राखलेली असतात. हंगामातल्या मोठ्या शिकारीत लाकडी मचाणांवर बंदूकवाले बसतात, त्या मचाणाला तिथे ‘मिरादोर’ म्हणतात, आणि हाकारे हरणं पुढे काढतात. पाहुण्यासाठी एकट्याने, वाटाड्याबरोबर दबा धरून करायची शिकारही असते. बंदूक त्यांची, परवाने त्यांचे. नवऱ्याने ज्या ठिकाणी चौकशी केली तिथे त्या एका दिवसाचे पैसे आमच्या हॉटेलच्या चार रात्रींएवढे होते. जोडीदाराला मिरादोरवर बसून बघता येतं, दुपारचं जेवण धरून.

शिंगांचंही विचारून घेतलं, कारण नवऱ्याच्या डोळ्यांत मला दुकानाच्या गल्ल्यामागची भिंत दिसत होती. वन्य प्राण्यांचे अवयव सामानातून भारतात आणायला बंदी आहे. शिंगं नाहीत म्हटल्यावर तो जरा खट्टू झाला, पण बेत टिकून राहिला. तेव्हा मला कळलं की हे शोभेसाठी नाही.

नवऱ्याचा युक्तिवाद पक्का होता. माणूस येण्याआधी त्या बेटावर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी नव्हता, होती ती फक्त वटवाघळं. डचांनी आणलेली हरणं, त्यांच्याबरोबर आलेले उंदीर, डुकरं, माकडं यांनी जंगल पार खाल्लं. मूळचं चांगलं जंगल आज दोन टक्केही उरलेलं नाही. हरणं खाणारा वाघ तिथे नाही. मग माणसाने मारली तर बिघडलं कुठे? उलट उपकारच.

मला ते आठवडाभर पटलं. मग लक्षात आलं की यात एक गाठ आहे. शिकारीच्या त्या मालमत्ता हरणं कमी करायला चालवत नाहीत, हरणं भरपूर राहावीत म्हणून चालवतात. हरणं संपली तर धंदा संपला. आपण बकऱ्या पाळतो तशी ती राखलेली आहेत. तिथे हरणाचं मांस बाजारात विकलं जातं, गाय न खाणारा आणि डुक्कर न खाणारा असे दोघेही ते चवीने खातात, घराघरांत त्याचा रस्सा होतो. तेव्हा गोळी घालून आपण डोडोच्या बेटावर काही उपकार करत नाही. आपण कुणाच्या तरी शेतातला एक प्राणी महागात विकत घेतो. त्याच देशात २०१५ पासून सरकारने फळबागांच्या नुकसानीपायी हजारो वटवाघळं मारली. म्हणजे जो सस्तन प्राणी तिथला मूळचा, त्याच्यावर गोळ्या, आणि बाहेरून आलेलं हरीण राजचिन्हावर. हे वाचून मी नवऱ्याला म्हटलं, “उपकाराचं नाव काढू नका. मारावंसं वाटतंय म्हणून मारतोय, एवढं म्हणा.”

तो म्हणाला, “बरं. मारावंसं वाटतंय. मग? रविवारी मटण आणतो तेव्हा काय वेगळं करतो? तो बोकड दोरीला बांधलेला असतो. हे हरीण निदान रानात फिरलेलं असेल.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजून नाही. जे मटण खात नाहीत त्यांना असेल. मी खाते.

पण आपण आदिलाबादचे आहोत, आणि इथे शिकार हा शब्द हलका नाही. निजामाच्या काळात ही जंगलं राखीव झाली. राखीव म्हणजे गोंड-कोलामांना बंद. चराईला कर, लाकडाला दंड, पोडूची शेती केली तर हुसकावणं. सहावा निजाम महबूब अली खान वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. साहेब लोक आणि सरदार बंदुका घेऊन यायचे तेव्हा हाकारे घालायला मात्र याच गावांतली माणसं लागायची. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरं भीम मारले गेले ते या सगळ्याच्या विरोधात उभे राहून. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला इथला असंतोष समजून घ्यायला धाडलं आणि तो मारलवाईत गोंडांमध्ये राहिला. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि सगळ्यांचीच शिकार बंद झाली. आमच्या शाळेत उटनूरकडचे एक गोंड सर आहेत. दिवाळीत दंडारीला ते स्वतः गुसाडी होतात. डोक्यावर मोरपिसांचा तो भला मोठा टोप, त्याला शिंगं. मी त्यांना आमचा बेत सांगितला. ते हसले आणि म्हणाले, “मॅडम, आमची शिंगं आजोबांच्या आजोबांची आहेत. तीच दर वर्षी जपून वापरतो. नवीन कुठून आणणार?” एवढंच. मग ते हजेरी घ्यायला वर्गावर गेले.

नदीपलीकडे तर गोष्ट आणखी ताजी आहे. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून इकडे येतात, आमच्याकडचे कवालपर्यंत जातात. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये राळेगावकडच्या जंगलात अवनी वाघिणीला गोळी घातली गेली. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. देशभर लोक हळहळले, आणि त्याच वेळी त्या भागातल्या गावांत फटाके वाजले. दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये मी दोन्ही बोलणी ऐकलीत. कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून.

नवऱ्याची बंदुकीची ओढ या कशातूनच आलेली नाही. ती आली आहे त्याच्या आजोबांकडून. बेला मंडलात नदीकाठी आमचं वावर आहे. आजोबांकडे पीकरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, झाली की परत आणायची. आजोबा गेले, परवान्याचं नूतनीकरण कुणी केलं नाही, बंदूक जमा झाली ती झालीच. नवरा लहानपणी त्यांच्याबरोबर जागलीला जायचा. मचाणावर घोंगडी, खाली शेकोटी, डबा वाजवत रात्र काढायची. बंदूक हातात धरायची, पण चालवायची नाही. “मोठा झालास की,” असं आजोबा म्हणायचे. मोठा झाला तेव्हा बंदूक नव्हती.

आता रानडुकरं मक्यात आणि भुईमुगात रात्रीत अशी काही नांगरणी करतात की सकाळी वावर ओळखू येत नाही. रोही कळपाने येतात. काहीही मारायचं तर परवानगी लागते. शेतकरी साड्या बांधतो, तारेत दिवे लावतो, भोंग्यावर कुत्र्याचं भुंकणं लावून ठेवतो. सासूबाईंना आमचा बेत कळला तेव्हा त्या म्हणाल्या, “काऊन जी, डुकरं आपल्या वावरात, अन् बंदूक चालवाले इमानात बसून चालले? त्या हरनानं तुमचा मका खाल्ला काय?”

बाबा, म्हणजे माझे सासरे, त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी जेवताना अचानक सुरू झाले. बाबा एरवी फार बोलत नाहीत, आणि ही गोष्ट माझ्या नवऱ्यानेही आधी ऐकली नव्हती.

१९७० ची गोष्ट. बाबा चौदा वर्षांचे. कायदा यायला दोन वर्षं होती. ज्वारी हुरड्यावर आलेली. पहाटे आजोबांनी एका मोठ्या डुकरावर बार टाकला. डुक्कर पडलं, उठलं आणि नाल्याच्या झाडीत गेलं. जखम पोटात होती. आजोबांनी बंदूक परत ठासली आणि म्हणाले, घरी जायचं नाही. त्या नाल्याने सकाळी बायका गवताला आणि सरपणाला जायच्या. जखमी डुक्कर माणूस बघत नाही. गावातला एक कोलाम माग काढण्यात हुशार होता, त्याला बोलावलं. तिघं दिवसभर रक्ताचे थेंब शोधत फिरले. दुपारनंतर थेंबही मिळेनात. रात्री नाल्याच्या तोंडाशी जाळ करून बसले. बाबांना भूक लागली म्हणून त्या कोलामाने मोहाची फुलं भाजून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते डुक्कर एका पळसाखाली बसलेलं सापडलं. जिवंत. “बसलेलं होतं,” बाबा म्हणाले, “माणसासारखं.” आजोबांनी दुसरा बार टाकला. त्यानंतरही बंदूक घरात होती, पण बार हवेतच काढायचे.

कुणीच काही बोललं नाही. सासूबाईंनी भाकरी वाढली. नवरा हात धुवायला उठला आणि बराच वेळ आला नाही.

त्या रात्री मी माझ्या अटी सांगितल्या. शिकारीला माझी मनाई नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला मनाई करून काही होत नाही, तो गप्प बसतो आणि पुढची दहा वर्षं ते मनात धरून ठेवतो. पण तीन गोष्टी. मेलेल्या हरणाबरोबर फोटो नाही, व्हॉट्सअपवर तर नाहीच. जे मारलं त्यातलं तिथे बसून खायचं. आणि गोळी चुकीच्या जागी लागली तर ते सापडेपर्यंत मागे जायचं, मग पाचवा दिवसही त्यात गेला तरी चालेल. तिसऱ्या अटीवर तो म्हणाला, “ते तर करायचंच असतं ना.”

मग त्याने तिकडे विचारून पाठवलं. बंदुकीच्या जातीबद्दल, बुटांबद्दल, जेवणाबद्दल आधी लिहिलं होतंच. या वेळी एकच प्रश्न होता: जनावर जखमी होऊन पळालं तर काय? दोन दिवसांत उत्तर आलं. अतिशय नम्र आणि नीट लिहिलेलं. काळजी नसावी, असं क्वचित होतं. तसं झालंच तर आमची माणसं आणि कुत्री माग काढतात. पाहुण्यांनी परत यावं, तोवर जेवण तयार असतं.

व्यवस्था म्हणून हे उत्तर योग्यच आहे. त्या माणसांना रान माहीत, कुत्र्यांना वास माहीत. आदिलाबादहून आलेला खत-बियाण्याचा दुकानदार त्यांच्या मागे धडपडत गेला तर हरणाला त्रास आणि त्यांनाही. जखमी जनावर लवकर सापडावं यासाठी हेच बरं. मी नवऱ्याला तसं म्हटलंही. त्याने उत्तर दोनदा वाचलं, फोन उलटा ठेवला आणि म्हणाला, “मी जेवायला बसणार, आणि ते शोधणार.”

दुसऱ्या दिवशी वहीत ‘शिकार’वर एक सरळ रेघ होती. त्याची. मी काही विचारलं नाही.

आता चौथा दिवस असा आहे. तुम्हाला कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून बाकीचंही लिहिते. ऑगस्टमध्ये तिथे पूर्व किनाऱ्यावर वारा फार असतो, त्यामुळे आम्ही पश्चिमेला, फ्लिक-आँ-फ्लाकला उतरणार आहोत. थंडी म्हणजे आपल्या आदिलाबादच्या डिसेंबरसारखी नाही, एक स्वेटर पुरतो. जुलै ते ऑक्टोबर त्या बाजूच्या समुद्रात कुबड्या व्हेल येतात, दुसरा दिवस त्यांच्यासाठी. तिसरा ल मॉर्नसाठी. या डोंगरावर मळ्यांतून पळालेले गुलाम लपून राहायचे, आणि २००८ पासून तोही जागतिक वारसा आहे. तिकडूनच शामारेलची सात रंगांची माती.

चौथ्या दिवशी सकाळी ब्लॅक रिव्हर गॉर्जेस. हे १९९४ मध्ये झालेलं राष्ट्रीय उद्यान, जे काही जुनं जंगल उरलंय त्यातलं बरंचसं इथे. नवऱ्याला मॉरिशसचा केस्ट्रल बघायचाय. ससाण्याच्या जातीचा लहानसा पक्षी. १९७४ मध्ये निसर्गात त्याचे चारच पक्षी उरल्याची नोंद आहे, तिथून माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून तो परत आणला. दुर्बीण घेऊन पहाटे गप्प बसायचं. बसायला मचाण नाही, पण बसणं तेच, असं तो म्हणतो. मी थर्मासमध्ये चहा नेणार आहे.

दुपारनंतर कास्कावेल. फ्लिक-आँ-फ्लाकहून जवळच आहे आणि तिथे मराठी वस्ती आहे. ओळखीतून एका घराशी बोलणं झालंय. फोनवरच्या काकू मराठी सावकाश, एकेक शब्द पारखून बोलत होत्या, आणि मी त्यांच्यासाठी सावकाश बोलत होते. शेवटी दोघींनी हिंदीत हुश्श केलं. त्यांनी विचारलं, “तुम्ही महाराष्ट्राचे ना?” आता यांना तेलंगणा कसं समजावायचं? मी म्हटलं, “नदीच्या अलीकडच्या.” त्यांना ते लगेच पटलं. त्यांनी विचारलं, जेवायला काय करू? हरणाचा रस्सा चालेल का? नवरा शेजारी उभा होता. त्याने मान हलवली. मी होकार दिला.

सासूबाईंनी त्या काकूंसाठी येसूर आणि जवसाची चटणी करून ठेवायचं ठरवलंय. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, तिथे डुकरं आहेत का? आहेत म्हटलं. “मग मका लावत नसतील,” म्हणाले.

मुंबईपर्यंत नंदीग्राम एक्स्प्रेसनेच जाणार आहोत. नागपूरहून विमानाने गेलं तर वेळ वाचतो, पण दोघांनाच आडव्या बर्थवर गप्पा मारत जायचंय, दहा वर्षांत ते झालेलं नाही. आरक्षण केलंय. सध्या वेटिंग चौदा आणि पंधरा.